२,४१,००० किलोमीटर धावलेली १९७२ ची डॅटसन २४०झेड: आकड्याला भ्यावे की गंजाला?

तिसरागिअर (धागाकर्ता)

नमस्कार. गेली दोन वर्षे मी जुन्या जपानी स्पोर्ट्स गाडीच्या शोधात आहे आणि आता १९७२ सालची एक डॅटसन २४०झेड समोर आली आहे. ओडोमीटरवर ४१,००० दिसतात. मात्र त्याला पाचच आकडे आहेत, आणि विकणाऱ्या गृहस्थांनी स्वतःहून सांगितले की ते दोनदा शून्यावर येऊन पुन्हा सुरू झाले आहेत. म्हणजे गाडी प्रत्यक्षात २,४१,००० किलोमीटर धावलेली आहे. सर्व्हिसच्या नोंदींच्या दोन वह्या त्यांनी जपून ठेवल्या आहेत, इंजिन मूळचेच आहे आणि रंग दहा वर्षांपूर्वी नव्याने दिलेला आहे.

छायाचित्रांत गाडी देखणी दिसते. फक्त एका बाजूला, दार आणि मागचे चाक यांच्यामधल्या खालच्या कोपऱ्यात, रंगाखाली दोन-तीन फोड आलेले आहेत. तो वरवरचा गंज असून घासून रंग दिला की काम भागेल, असे त्यांचे म्हणणे आहे.

माझे प्रश्न दोन आहेत. इतकी धावलेली गाडी घ्यावी का? आणि घ्यायचीच झाली, तर गंज नेमका कुठे आणि कसा तपासावा? पुढच्या रविवारी मी गाडी पाहायला जाणार आहे.

आळशी_मेकॅनिक

"वरवरचा गंज" हा शब्दप्रयोग विकणाऱ्याच्या तोंडी आला की त्याचा अर्थ "मी अजून खाली वाकून पाहिलेले नाही" असा घ्यावा.

जुनाट

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण त्या बाबतीत मी पोळलेलो आहे. माझ्याकडे १९७४ ची २६०झेड आहे. घेतली तेव्हा ओडोमीटरवर ६८,००० होते आणि मी त्यावर विश्वास ठेवला. वर्षभरात इंजिन निळा धूर मारू लागले आणि आज ते दर ७०० किलोमीटरला एक लिटर ऑइल खाते. माझ्या गाडीचा खरा आकडा बहुधा १,६८,००० चा असावा. तुमच्या विकणाऱ्याने तो खरा सांगितला आणि वह्या दाखवल्या, हीच मला या व्यवहारातली सर्वांत आश्वासक गोष्ट वाटते.

२४०झेडमधले एल२४ हे २,३९३ सीसीचे सरळ सहा सिलिंडरचे इंजिन आहे. ब्लॉक ओतीव लोखंडाचा, हेड ॲल्युमिनियमचे आणि टायमिंगला पट्ट्याऐवजी साखळी. वेळच्या वेळी ऑइल बदललेले असेल, तर या इंजिनाला अडीच लाख किलोमीटर फार होत नाहीत. तरीही गरम इंजिनावर, सर्व प्लग काढून आणि थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा. सहा सिलिंडरांत १० टक्क्यांपेक्षा अधिक तफावत असू नये. गिअरबॉक्स थंड असताना दुसऱ्या गिअरला खरखर होते का ते पाहा. क्लच आणि ब्रेकच्या पेडलांचे रबर, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड आणि स्टिअरिंगची झीज या गोष्टी ओडोमीटरशी जुळतात का, तेही पाहून घ्या.

एवढे असूनही मी माझी गाडी विकलेली नाही, कारण तिचा पत्रा खणखणीत आहे. रिंगा, बेअरिंगे, व्हॉल्व्ह ही कामे चांगला फिटर करू शकतो. सडलेल्या सांगाड्याचे तसे नसते.

पत्र्याचा_माणूस

जुनाट यांच्या शेवटच्या वाक्यापासून पुढे लिहितो. माझा व्यवसाय पत्रेकामाचा आहे आणि या घराण्यातल्या, म्हणजे २४०झेड, २६०झेड आणि २८०झेड अशा गाड्या मी उघडून पाहिलेल्या आहेत.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चॅसी नाही. दाराखालचा उंबरठा, म्हणजे सिल, तळाचा पत्रा आणि त्याखालून जाणाऱ्या दोन पोकळ दांड्या मिळूनच गाडीचा कणा होतो. त्यामुळे दाराला पडलेले भोक आणि सिलला पडलेले भोक यांना एकाच मापाने मोजू नका.

तुम्ही सांगितलेले फोड ज्या कोपऱ्यात आहेत, तो या गाडीचा हमखास दुखरा कोपरा आहे. मागच्या चाकाने उडवलेला चिखल कमानीच्या आतल्या दुमडीत बसतो, तिथे ओल राहते आणि दोन पत्र्यांच्या मधून गंज बाहेरच्या दिशेने येतो. बाहेर फोड दिसतो तेव्हा आतले काम बरेच आधी सुरू झालेले असते. म्हणून ते फोड दिसताच त्याच बाजूची सिल पुढून मागपर्यंत तपासा.

पुढच्या बाजूला बॉनेट उघडून बॅटरीचे तबक पाहा. आम्लाच्या वाफांनी आणि सांडलेल्या थेंबांनी ते खाल्लेले असते, आणि तेच आम्ल पुढे झिरपून त्याच बाजूच्या फायरवॉलला (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला) व खालच्या दांडीला पोचते. तबक नवे दिसले तर खूश होऊ नका, त्याच्या खालचा भाग पाहा. वायपरखालची जाळी काढता आली तर काढा. तिथल्या खोबणीत पालापाचोळा कुजतो, निचरा बंद होतो आणि पाणी पुढच्या मडगार्डमागून सिलच्या तोंडाशी उतरते. पुढच्या मडगार्डचा दाराजवळचा खालचा भाग फुगलेला असेल तर त्याचे कारण बहुतेक वेळा तिथे सापडते.

आत बसल्यावर गालिचा उचला. खाली आवाज रोखण्यासाठी डांबरासारखा थर चिकटवलेला असतो. तो जिथे सुटला आहे किंवा पावलाखाली कुरकुरतो, तिथे पत्रा शिल्लक आहे असे गृहीत धरू नका. मागे स्टेपनीचा खड्डा, मागच्या दाराची खालची चौकट आणि टेललाइटमागचा पत्रा पाहा.

आता सर्वांत महत्त्वाचे. गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय व्यवहार करू नका. तळाखालच्या दांड्या पन्हळीसारख्या असून वरून तळाच्या पत्र्याला जोडलेल्या असतात, त्यामुळे आत शिरलेले पाणी वर्षानुवर्षे तिथेच राहते. बहुतेक गाड्यांत कोणीतरी चुकीच्या जागी जॅक लावून त्या चेपवलेल्याही असतात. चेप चालेल, पण चेपलेल्या जागी फाटलेला पत्रा चालणार नाही. पुढच्या सस्पेन्शनचा टेन्शन रॉड ज्या वाटीत बसतो, ती वाटी आणि तिच्याभोवतीचा पत्रा नीट पाहा, कारण ब्रेक लावल्यावर येणारा ताण तिथे जातो.

धातुविद्या

वरील प्रतिसाद संग्रही ठेवण्याजोगा आहे. "आतून बाहेर" का, याचे कारण सांगते. लोखंडाला गंजायला पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात, आणि पाण्यात मीठ असेल तर विद्युतवहन वाढून ही क्रिया कितीतरी वेगाने होते. दोन पत्रे एकमेकांवर ठेवून स्पॉट वेल्ड केले की मधे केसाएवढी फट उरते. त्या फटीत पाणी शिरते पण प्राणवायू पुरेसा पोचत नाही, आणि अशा असमतोलात फटीच्या आतला धातू झिजणारी बाजू बनतो. शिवाय गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असते, त्यामुळे तो फटीत वाढत गेला की दोन्ही पत्रे एकमेकांपासून ढकलले जातात. जोड फुगलेला दिसला आणि वेल्डचे ठिपके उशीच्या टाक्यांसारखे खोल गेलेले दिसले, तर त्याचा अर्थ हाच.

गंज फॉस्फेटमध्ये किंवा टॅनेटमध्ये बदलणारी जी रसायने मिळतात, ती घासून स्वच्छ केलेल्या पातळ थरावर चांगली चालतात. पापुद्रे सुटणाऱ्या गंजावर ती वरच्या पापुद्र्यापुरतीच पोचतात आणि बंद पोकळीत तर पोचतच नाहीत.

रंगाची जाडी मोजण्याचे यंत्र उसने मिळाले तर जरूर न्या. कारखान्यातला रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन असतो, पुन्हा रंगवलेल्या गाडीवर त्याच्या दुप्पट-तिप्पट आकडा येतो, आणि १,००० च्या वर गेला की खाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे असे समजा. तुमची गाडी रंगवलेलीच आहे, त्यामुळे ३०० दिसल्याने दचकू नका. शेजारशेजारच्या दोन जागांमध्ये अचानक फरक पडतो का, तिकडे लक्ष द्या.

आळशी_मेकॅनिक

यंत्र नसेल तर फडक्यात गुंडाळलेला साधा लोहचुंबक न्यावा. तो जिथून घरंगळतो तिथे गाडी संपून लांबी सुरू झालेली असते.

नवशिका_८६

मी टोयोटाची एई८६ पाहत आहे, १९८५ ची. तिलाही हेच लागू होते का?

पत्र्याचा_माणूस

@नवशिका_८६, तत्त्व तेच, जागा थोड्या वेगळ्या. सिल, मागच्या कमानी, पुढच्या सस्पेन्शनच्या वरच्या बुरुजांचे जोड आणि मागचा तळ पाहा. या गाड्या ड्रिफ्टिंगमध्ये बेदम वापरल्या गेल्या आहेत, त्यामुळे गंजाबरोबर अपघाताच्या खुणाही शोधाव्या लागतील.

सरळसहा

माझी निसान स्कायलाइन आर३२ थेट जपानमधल्या लिलावातून आलेली आहे, म्हणून त्या बाजूचे थोडे सांगतो. लिलावाच्या तपासणीपत्रकावर गाडीची आकृती असते आणि तिच्यावर अक्षरे लिहिलेली असतात. ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, एस म्हणजे गंज (जपानीत साबी) आणि सी म्हणजे पत्रा खाल्ला गेलेला. मी एस पाहिला आणि सी कडे दुर्लक्ष केले, त्याची फळे अजून भोगतो आहे. या पिढीत मागच्या कमानी, पुढच्या काचेची खालची चौकट आणि सस्पेन्शनचे बुरुज नक्की पाहावेत.

"जपानमध्ये कडक तपासणी असते, म्हणजे गाडी चांगलीच असणार" या समजुतीवर विसंबू नका. शाकेन ही सक्तीची तपासणी नव्या गाडीला तीन वर्षांनी आणि त्यानंतर दर दोन वर्षांनी होते हे खरे. पण तिच्यासाठी आणताना गाडीचा तळ काळ्या रंगाने झाकून टाकण्याची पद्धतही तिकडे सर्रास आहे. होक्काइदो आणि तोहोकू या बर्फाळ भागांत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकले जाते, त्यामुळे तिथे आयुष्य काढलेल्या गाडीचा तळ काळा कुळकुळीत आणि एकसारखा चमकत असेल तर आधी संशय घ्यावा.

धातुविद्या

@सरळसहा यांच्या काळ्या रंगाला माझी पुस्ती. गंजावर डांबरी लेप दिला की तो काही काळाने कडांना सुटतो, आणि मग आत शिरलेले पाणी बाहेर पडू शकत नाही. त्यापेक्षा पोकळीत फवारायचे मेण बरे, कारण ते मऊ राहते आणि जोडांत शिरते. ताजा डांबरी लेप दिसला तर "हा कधी दिला आणि त्याआधीचे फोटो आहेत का" एवढे दोनच प्रश्न विचारावेत.

उघडाटप

कमी धावलेली गाडी म्हणजे कमी गंजलेली, असेही नव्हे, म्हणून माझा अनुभव. मी १९९० ची माझदा एमएक्स-५ केवळ ६०,००० किलोमीटर झालेली म्हणून हौसेने घेतली. ती बारा वर्षे एका दमट शेडमध्ये झाकून उभी होती. या गाडीत कापडी टपावरचे पाणी दारामागच्या दोन नळ्यांतून खाली जाते आणि मागच्या चाकाच्या पुढे बाहेर पडते. त्या नळ्या पालापाचोळ्याने तुंबल्या की पाणी आतल्या बाजूला आणि सिलमध्ये उतरते. माझ्या सिलमध्ये ते किती वर्षे होते कोण जाणे. बाहेरचा पत्रा मात्र आरशासारखा होता.

माझ्या मित्राची त्याच सालची गाडी ३,१०,००० किलोमीटर धावलेली आहे. तो ती रोज वापरतो, त्यामुळे ती रोज तापते आणि वाळते, आणि दर पावसाळ्याआधी तो नळ्या साफ करतो. तिच्या सिलवर नखाएवढाही डाग नाही. एमएक्स-५ पाहणाऱ्यांनी टपाच्या मागच्या कडेशी तांब्याभर पाणी ओतावे आणि ते दोन्ही बाजूंनी खाली पडते का, ते वाकून पाहावे. १९९८ नंतरच्या दुसऱ्या पिढीत सिलबरोबर पुढच्या पोकळ दांड्याही गंजतात आणि त्या वरून दिसत नाहीत, हेही जाता जाता सांगतो.

आळशी_मेकॅनिक

माझ्या गाडीचा तळ पन्नास वर्षांनंतरही नव्यासारखा आहे. त्याचे श्रेय इंजिन आणि गिअरबॉक्स यांनी अखंडपणे गळवलेल्या ऑइलला जाते. पुढच्या बंपरखाली मात्र ऑइल पोचत नाही, त्यामुळे तिथे गंज आहे.

रोटरीप्रेमी

"इंजिन दुरुस्त होते, पत्रा होत नाही" या नियमाला एक अपवाद नोंदवतो. १९७८ साली आलेल्या माझदा आरएक्स-७ मध्ये १२ए हे रोटरी इंजिन आहे, म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणारे. ५७३ सीसीचे दोन रोटर, मिळून १,१४६ सीसी. रोटरच्या टोकांवरची सीले झिजली की कॉम्प्रेशन जाते, आणि ते साध्या गेजने कळत नाही, कारण रोटरला तीन बाजू असतात आणि साधे गेज त्यांतला सर्वांत मोठा आकडा दाखवून मोकळे होते. रोटरीसाठीचे वेगळे यंत्र आणा. ते नसेल तर गाडी चांगली तापवा, बंद करा, दहा मिनिटांनी पुन्हा सुरू करा. तापलेली असताना ती सुरू व्हायला कुरकुरली तर इंजिन उघडावे लागेल असे धरून चला. ती थोडे ऑइल खाते याची मात्र काळजी नको. सीलांच्या वंगणासाठी एक पंप मुद्दामच ऑइल आत सोडत असतो.

सगळे_होते

मला या धाग्यातली भीती अतिरेकी वाटते. २४०झेडच्या तळाचे पत्रे, दांड्या, सिल, कोपरे हे सगळे आज नवे बनवून मिळते. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात खुद्द निसानने (डॅटसन ही तिचीच छाप) अमेरिकेत जुन्या २४०झेड विकत घेतल्या, सोलून नव्याने बांधल्या आणि विकल्या. मग एखाद्या कोपऱ्यातल्या दोन फोडांपायी चांगली गाडी का सोडायची?

पत्र्याचा_माणूस

@सगळे_होते, पत्रे मिळतात याबद्दल दुमत नाही. ते बसवणे हेच काम आहे. सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडव्या नळ्या वेल्ड करून गाडी ताणून धरावी लागते. तसे न करता सिल कापली तर मधला भाग मिलिमीटर-दोन मिलिमीटर खाली बसतो, आणि नंतर नवी सिल कितीही छान बसवली तरी दार जन्मभर लागत नाही. शिवाय कापायला सुरुवात केल्यावर चांगला पत्रा कुठे लागतो हे आधी कोणालाच सांगता येत नाही. मी "दोन फोड" म्हणून घेतलेले एक काम फायरवॉलपर्यंत गेले होते.

दुसरे असे की, अनेक गाड्यांवर नवी दांडी जुन्या सडलेल्या दांडीवर टोपीसारखी चढवून वेल्ड केलेली असते. वरून भरभक्कम दिसते आणि आत जुना गंज सुखाने पुढे सरकत असतो. दांडीची कड दुहेरी दिसली तर विचारा. आणि या गाडीचा चॅसी क्रमांक फायरवॉलवर कोरलेला असतो. त्याच्या आसपास कापल्याच्या किंवा नव्या वेल्डच्या खुणा असतील, तर पत्र्याचा विचार बाजूला ठेवा आणि परत या.

तिसरागिअर

सर्वांचे मनापासून आभार. एक संकोच आहे. पत्रा सडला आहे का हे कळण्यासाठी परक्या माणसाच्या गाडीला पेचकस टोचून पाहणे कितपत शिष्टसंमत आहे?

जुनाट

विचारल्याशिवाय मुळीच नाही. माझ्या गाडीला एकाने न विचारता टोचले होते. त्याला मी चहाही न देता वाटेला लावले.

पत्र्याचा_माणूस

पेचकसाचे टोक नको, मूठ वापरा. मुठीने टकटक करत सिलवरून पुढे जा. चांगला पत्रा टणटण वाजतो, सडलेला किंवा लांबी भरलेला भद्द वाजतो. सिलच्या आतल्या बाजूला रबरी बुचे असतात, त्यांतून बारीक कॅमेरा आत सोडता येतो. शेवटची परीक्षा अशी: दार उघडे ठेवा, त्या बाजूने ठरलेल्या जागी जॅक लावून गाडी उचला आणि दार हळूच बंद करून पाहा. दाराभोवतीची फट बदलली किंवा दार खिळ्याला अडले, तर सिल भार पेलत नाही. या परीक्षेला मालकाने नकार दिला तर त्याचे कारण शांतपणे विचारा.

उघडाटप

चालवून पाहताना मागून धुराचा वास आत येतो का, तेही पाहा. या झेडला तो आजार जुनाच आहे. बहुधा मागच्या दाराचे किंवा टेललाइटचे रबर गेलेले असते, पण कधी कधी कारण मागच्या पत्र्याला पडलेले भोकही असते.

तिसरागिअर

काल गाडी पाहून आलो. सविस्तर लिहितो.

आधी इंजिन. सहाही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन १६० ते १७० पीएसआयच्या दरम्यान आले. थंड इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झाले, धूर नाही, दुसरा गिअर लोण्यासारखा. वह्यांत प्रत्येक ऑइल बदलाची नोंद आहे. २,४१,००० किलोमीटर झालेले हे इंजिन पाहून मला आकड्याची वाटणारी भीती तिथेच संपली.

मग गालिचा उचलला. बॅटरीच्या बाजूला डांबरी थराखाली पत्र्याऐवजी फायबरग्लासची चादर होती. मालकांना ती खरोखरच माहीत नव्हती असे मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटले; रंगकाम झाले तेव्हाची असावी. लिफ्टवर त्याच बाजूची दांडी दुहेरी निघाली, अगदी वर सांगितल्याप्रमाणे टोपी चढवलेली. फोडांच्या कोपऱ्यावर जाडी मोजण्याच्या यंत्राने १,४०० दाखवले. सिलमध्ये कॅमेरा सोडला तेव्हा आत सुटलेल्या पापुद्र्यांचा ढीग दिसला. शेवटी मालकांच्या संमतीने जॅक लावला. दार सुमारे तीन मिलिमीटर खाली आले आणि बंद होईना. त्यांनी स्वतः दोनदा प्रयत्न केला, मग गाडी खाली उतरवून ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

मी व्यवहार केलेला नाही. त्यांनी किंमत बरीच उतरवायची तयारी दाखवली, परंतु हा सांगाडा पुन्हा उभा करण्याइतकी जागा, वेळ आणि हात माझ्याकडे नाहीत. वाईट वाटले, कारण इतका सरळ विकणारा पुन्हा भेटणे कठीण आहे.

सगळे_होते

माझे म्हणणे मी मागे घेत नाही, पण या गाडीबाबत मीही घेतली नसती.

पत्र्याचा_माणूस

योग्य केलेत. आणि त्या गृहस्थांना सांगा की तशा अवस्थेत ती गाडी वेगाने चालवू नका. दुहेरी दांडी पुढच्या टेन्शन रॉडच्या वाटीपर्यंत गेलेली असेल तर जोरात ब्रेक लावण्याचीही मला भीती वाटते.

जुनाट

@तिसरागिअर, एक विनंती आहे, रागावू नये. माझ्या २६०झेडमध्ये सांगाडा उत्तम आहे आणि इंजिन गेलेले आहे. त्या गृहस्थांकडे इंजिन उत्तम आहे आणि सांगाडा गेलेला आहे. एल२४ आणि एल२६ एकाच घराण्यातली असल्यामुळे ते माझ्या गाडीत फारशा खटपटीशिवाय बसेल. ते गाडी सुटी करून विकणार असतील तर त्या दोन वह्यांसकट इंजिन माझ्यासाठी राखून ठेवायला सांगाल का?

तिसरागिअर

विचारतो. वह्या देतील की नाही ते सांगता येत नाही. निघताना त्या त्यांनी पुन्हा कपाटात ठेवून दिल्या.